वयोगट पंधरा ते एकोणीस

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या संस्थेतली मुलाखती घेणारी बाई जिन्यावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. त्यामुळे आज मोठ्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "आता तूच जा."

मी म्हटलं, "सर, मी आकडेवारीवाली. मी मुलांना आजवर फक्त तक्त्यातल्या ओळींत पाहिलंय."

"मग आता आडव्या ओळी उभ्या करून पाहा," सर म्हणाले. सरांचे विनोद हे असे.

काम सांगायला सोपं आहे. दर चार वर्षांनी आम्ही शाळा-कॉलेजांतल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना त्यांच्या लैंगिक आरोग्याबद्दल विचारतो. कुणाला काय माहीत आहे, धोका कितपत आहे, काळजी कितपत घेतात. त्यावरून दवाखाने कुठे उघडायचे आणि वर्गात काय शिकवायचं ते ठरतं. फेरी सुरू होण्याआधी काही मुलांसमोर बसून बघायचं असतं, की आमचे प्रश्न त्यांना कळतात का. उत्तराशी आपल्याला घेणंदेणं नाही. प्रश्न ऐकून त्यांच्या डोक्यात काय येतं, तेवढंच टिपायचं.

कार्यालयासाठीची टिपणं वेगळी. ही वही माझी, हिच्यात मी वाटेल ते लिहिणार.

आईला सांगितलं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तिनं शब्दकोड्यातून मान वर केली. "असलं विचारता? आणि सांगतात पोरं?"

"तेच तर बघायचंय."

"मोठ्यांना नाही विचारत?"

"नाही गं. वयोगट पंधरा ते एकोणीस. तू त्यात बसत नाहीस."

"बसत होते की कधीतरी," आई म्हणाली आणि पुन्हा कोड्यात शिरली. नवरा हसला. मीही हसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली मुलाखत. कॉलेजच्या ग्रंथालयामागची खोली, कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या, एक पाय आखूड असलेलं टेबल. त्याखाली मी माझ्या व्हिजिटिंग कार्डांची चवड सारली. एवढ्या वर्षांत कार्डांचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

मुलगा सतरा वर्षांचा, उंच, गुडघ्याला पट्टी. आईवडिलांची परवानगी घेतलेली होती, त्याचीही घेतली. मी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, कारण तसाच वाचायचा असतो. "तुमचे कोणाशी शारीरिक संबंध आले आहेत का?"

"हो," तो म्हणाला. चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

पुढचा प्रश्न नियमाचा: हे ऐकल्यावर तुझ्या मनात काय आलं, ते तुझ्या शब्दांत सांग.

"शारीरिकचे सर," तो म्हणाला. "म्हणजे खेळाच्या तासाचे. त्यांच्याशी माझे एकदम चांगले संबंध आहेत. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये त्यांनीच घेतलं मला."

मी खाली बघून लिहीत राहिले. माझा चेहरा बघून तो घाबरला. "चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही रे. प्रश्नाचं चुकलं."

तो इतका खूश झाला की सांगता सोय नाही. प्रश्नाचं चुकलं, असं त्याला आजवर कुठल्याच परीक्षेत कुणी म्हटलं नसणार.

बसमध्ये एकटीच हसत होते. मग आठवलं, मागच्या फेरीत याच कॉलेजात "हो" म्हणणारे सगळ्यात जास्त निघाले होते. खेळाडू मुलांमध्ये धोका जास्त का, यावर अहवालात अख्खा परिच्छेद आहे. मग हसू थांबलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज "सुरक्षित" या शब्दाच्या मागे लागले. आमच्या प्रश्नावलीत तो जागोजागी पेरलेला आहे. एका मुलाला त्यावरून हेल्मेट आठवलं. दुसऱ्याला पासवर्ड. मग एक मुलगी आली, सोळा वर्षांची, बोटांना शाई. तिला विचार करावा लागला नाही.

"सुरक्षित म्हणजे घरी कळणार नाही असं."

"आणि आजारबिजार?"

"ते नंतरचं हो. आधी घरी कळण्याचं असतं."

म्हणजे ही मुलगी आमच्या कागदावर "नेहमी सुरक्षित" या चौकटीत खूण करणार, आणि आम्ही हिला बिनधोक म्हणून बाजूला काढणार. एवढी वर्षं मी धोका मोजतेय आणि तिच्या लेखी धोका कोणता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मुलाखत संपल्यावर तिनं दप्तर उचललं, मग पुन्हा ठेवलं. "तुमच्या कार्डावर जो दवाखाना आहे ना, तिथे गेलं तर ते घरी कळवतात का?"

मुलाखतीनंतर प्रत्येकाला दवाखान्याच्या पत्त्याचं कार्ड द्यायचं, शिकवत बसायचं नाही, असा नियम आहे. नियम नसता तरी मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "चौकशी करून सांगते." तिनं "बरं" म्हटलं, पण मोठ्या माणसांच्या "सांगते"वर तिचा फारसा भरवसा दिसला नाही.

आमच्या समुपदेशक बाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "कळवत नाहीत. तसा लेखी नियम आहे." लेखी नियमांचं मला माहीत आहे, त्यातले काही मीच टाइप केलेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

म्हणून आज स्वतःच दवाखान्यात गेले. कुणाला न सांगता रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसानं आधी नाव विचारलं, मग पत्ता, मग "बरोबर कोण आलंय?" आणि मग, अख्ख्या बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "काय त्रास होतोय?"

मी त्रेचाळीस वर्षांची बाई. मला कसलाही त्रास नव्हता. तरी कान तापले. सोळाव्या वर्षी मी तिथून पळच काढला असता.

आत जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. चटपटीत बाई आहेत. त्या म्हणाल्या, "मी आतच बसते हो. बाहेर काय चालतं, मला कोण सांगणार?" बाजूला एक दार आहे, औषधांची खोकी येतात ते. ते दुपारी मुलांसाठी उघडं ठेवता येईल का, बघते म्हणाल्या. खिडकीवाल्यालाही समज देतील.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आज काय विचारलंस पोरांना?" हल्ली रोज विचारते. मी म्हटलं, आज मलाच विचारलं. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "निदान तुलाच विचारलं. बरोबरच्या माणसाला नाही." आणि चहाचे कप विसळायला गेली. आईचं बोलणं कधी कधी मध्येच सुरू होतं आणि मध्येच संपतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या सरांबरोबर बैठक. मी म्हटलं, प्रश्न बदलायला हवेत.

"आणि मागच्या फेरीशी तुलना कशी करायची? फूटपट्टी मध्येच बदलत नाहीत."

"सर, पण फूटपट्टी लांबीच्या जागी वजन सांगत असेल तर?"

सरांनी चष्मा काढला. "मागचा आकडा वर्तमानपत्रात गेला. अर्थखात्यात गेला. त्याच्या जोरावर आपण दवाखाने मागून घेतले. आता आपणच जाऊन सांगायचं, की तो व्हॉलीबॉल होता?"

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. कारण दवाखाने हवेच आहेत. आकडा पडला तर पहिली कात्री त्यांनाच लागणार.

शेवटी सर म्हणाले, "चार पोरांच्या गमतीजमती मला नकोत. दाखवायचं तर नीट दाखव." म्हणजे नकार नाही. सर नारळासारखे आहेत, फोडायला मेहनत लागते पण आत पाणी असतं.

घरी शब्द शोधायचा खेळ रंगला. नवरा म्हणाला, "जवळीक." आई म्हणाली, "जवळीक तर माझी आणि शेजारणीचीही आहे." मग तिनं आपला तोडगा सांगितला: "नुसतं ‘ते’ लिहा. ‘ते’ म्हटलं की सगळ्यांना कळतं." मी म्हटलं, सगळ्यांना कळतं हे खरं, पण प्रत्येकाचं "ते" वेगळं निघायचं. नवऱ्याला ठसका लागला. आईसुद्धा हसली, पण नंतर म्हणाली, "आमच्या वेळी तर ‘ते’ म्हणायचीही चोरी होती."

१९ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं असं: मुलांसमोर आम्ही बसायचंच नाही. टॅब द्यायचा, कानाला हेडफोन. प्रश्न कानात ऐकू येणार, मूल उत्तर दाबणार किंवा लिहिणार, बाहेर कुणाला पत्ता नाही. समोर माणूस नसला की माणूस जास्त खरं बोलतो, असं आमचं शास्त्र सांगतं. मला पटतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

टॅब घरी आणला होता. आईला यंत्रं जमत नाहीत, म्हणून मुद्दाम तिच्यावरच चाचणी घेतली. तिला जमलं तर कुणालाही जमेल. आतल्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, "काहीही दाब, मला फक्त चालतंय का बघायचंय." भाजी आणायला गेले. परत आले तरी ती तशीच, हेडफोन घालून, पाठ ताठ.

"अडकलं का गं?"

तिनं एक कान मोकळा केला. "नाही. चाललंय." आणि पुन्हा झाकून घेतला.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल झाले होते. टॅबचा उजेड बाधला असणार. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान खालीच आहे, तिथे नेऊन तपासून घेतलं. "नंबर वाढलेला नाही," तो म्हणाला. "डोळे कोरडे पडले असतील." थेंब दिलेत.

थेंब घालताना आईनं विचारलं, "त्यात लिहिलेलं कुठे जातं?"

"तुझं? पुसलं मी. टॅब परत द्यायच्या आधी चाचणीच्या नोंदी पुसाव्या लागतात."

"वाचलं नाहीस?"

"चाचणीच्या नोंदी कोण वाचतं, आई?"

"हं," आई म्हणाली. थेंब गालावरून ओघळले. मी म्हटलं, हलू नकोस, नाहीतर औषध वाया जातं.

टीप: वयस्कर व्यक्तीला फार वेळ लागतो. मध्ये थांबायची सोय उपयोगी दिसते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन कॉलेजांत करून पाहिलं; जाता जाता बोटांना शाईवाल्या मुलीला सांगितलं, की घरी कळवत नाहीत आणि आता बाजूचं दारही उघडं असतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, अर्ध्या मुलांना जुने शब्द, अर्ध्यांना नवे. नवे शब्द साधे आहेत, आडपडदा नसलेले. ते जमवताना समुपदेशक बाई आणि मी दोघी टोमॅटोसारख्या लाल झालो होतो.

निकाल बघून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. खेळांच्या कॉलेजात नव्या शब्दांनी आकडा खाली आला. दुसऱ्या, शहाण्यासुरत्या समजल्या जाणाऱ्या कॉलेजात तो वर गेला! म्हणजे मागचा आकडा फुगवलेला नव्हता आणि दाबलेलाही नव्हता. तो भलत्याच गोष्टीचा आकडा होता, एवढंच.

कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "दोन्ही ठेवू. अर्ध्यांना जुना प्रश्न, अर्ध्यांना नवा. जुन्याशी नातं तुटणार नाही आणि खरं काय तेही कळेल. मागच्या आकड्याखाली खुलासा मी स्वतः लिहितो. तुझं नाव त्यात नको." आणि "सुरक्षित" हा शब्द सगळीकडून काढायचा. त्या जागी सरळ विचारायचं, की दवाखान्यात जायला कशाची भीती वाटते.

केबिनच्या बाहेर आल्यावर मला उडी मारावीशी वाटली. जिना समोर होता, म्हणून मारली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आईनं विचारलं, "ते यंत्र परत नाही का आणणार?"

"का गं?"

"असंच. त्यात एक प्रश्न चांगला होता. तुम्हाला झालेला आजार काय होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? असा."

आठवड्यानंतरही तिला शब्दन् शब्द आठवत होता! कानानं ऐकलेला प्रश्न लक्षात राहतो, ही चांगली खूण आहे. सरांना सांगायला हवं.

३ मार्च, सोमवार

समुपदेशक बाई जाता जाता म्हणाल्या, "परवा एक जण आलं होतं. बाजूच्या दारानं."

"बोटांना शाई होती का?"

"तू आपले आकडे बघ," त्या म्हणाल्या. बरोबरच आहे. तरी आज दिवसभर जेवण गोड लागलं.

५ मार्च, बुधवार

हे कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सुट्टी घेतली होती. सकाळी आई आणि मी मटार सोलत होतो. मी शाळांच्या वेळापत्रकाबद्दल काहीबाही बोलत होते. आई मध्येच म्हणाली, "इतक्यांना विचारलंस. मला विचार की."

"काय?"

"तेच सगळं."

मी हसत म्हटलं, "आई, वयोगट..."

"एकोणीसची होते मी," आई म्हणाली. "लग्नाला चार महिने झाले होते."

ती शेंगा सोलतच राहिली, म्हणून मीही सोलत राहिले. तिला ताप यायचा, ओटीपोटात कळा यायच्या. बाबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. आत बाबांशी बराच वेळ बोलले. मग घरी एक बाटली आली, तिच्यावरचं लेबल खरवडलेलं. बाबा म्हणाले, टॉनिक आहे. तेही त्यातलंच घ्यायचे. आईला वाटलं, किती माया, माझ्याबरोबर कडू औषध घेतात. थोडं बरं वाटल्यावर बाटली बंद झाली. कळा परत येत राहिल्या.

"मग सात वर्षांनी तू. तुझ्यानंतर कुणी नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, हिच्यातच खोट आहे. मलाही तसंच वाटायचं."

मी एकुलती एक. आईबाबा पुढारलेल्या विचारांचे, म्हणून एकावर थांबले, असं मी मैत्रिणींना ऐटीत सांगायचे. कुणी सांगितलं होतं मला हे? कुणीच नाही. मीच ठरवलं होतं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"नीट असं अजूनही नाही कळलेलं. पुढे मासिकं वाचली, तेव्हा अंदाज आला. तोवर तू कॉलेजात होतीस. यांना विचारायचं धाडस झालं नाही." तिनं दाणे भांड्यात टाकले. "वाईट नव्हता तुझा बाप. मला तापात पाणी पाजायला उठायचा. पण ‘हिची खोट नाही’, एवढं एक वाक्य स्वतःच्या आईसमोर बोलला नाही. जन्मभर नाही."

मग मला टॅब आठवला. विचारलं, "तू हे सगळं त्यात लिहिलं होतंस?"

"सावकाश, एकेक अक्षर शोधून. मला वाटलं, तू वाचशील."

मला टोपलीतल्या शेंगा दिसेनाशा झाल्या. आईनंच माझ्या मांडीवरची टोपली उचलली आणि म्हणाली, "रडू नको. मटारात मीठ पडेल."

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आता विचारू?"

"आता सांगून झालं की."

"तरी. आणखी काय विचारायला हवं होतं?"

आईनं पडलेली सालं गोळा केली. "त्या आजाराचं नाव काय होतं," ती म्हणाली. "तेवढं मला पाहिजे."

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या माणसानं फक्त "पहिल्यांदा आलात?" एवढंच विचारलं आणि बोटानं दार दाखवलं. मी आईबरोबर उठले, तर ती म्हणाली, "तू बस बाहेर." मी बसले. बाकावर बसून दाराकडे बघत राहणं किती अवघड असतं, ते आज कळलं. मग तिनंच दार उघडून मला आत बोलावलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. घाई केली नव्हती. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी खात्रीनं नाही सांगता येणार. परमा असेल, किंवा क्लॅमिडिया. किंवा दोन्ही. पण असा आजार संबंधांतून, बाहेरून येतो, आजी. तुमच्या अंगात उगवलेला नव्हता."

"म्हणजे खोट..."

"खोट नव्हे, संसर्ग होता. त्यानंच मूल राहायला अडचण येते. दोघांनी पूर्ण औषध घेतलं असतं, तर बरा होण्यासारखा."

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

आईनं पदरानं चष्मा पुसला. मला वाटलं, आता रडेल. पण तिचा चेहरा लालबुंद झाला, आणि मला कळलं की ती रागावली आहे. आईला एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "तो डॉक्टर आमच्या गल्लीतून रोज जायचा. मी त्याला नमस्कार करायची." मग उठली, बाईंचे आभार मानले आणि ताडताड बाहेर पडली. मी मागून धावले.

बसच्या रांगेत ती पुटपुटत होती. परमा तोंडी बसला होता, दुसरं नाव जिभेला वळत नव्हतं. "क्लामेडी. क्लमडिया. काय गं ते?"

"क्लॅमिडिया," मी हळूच सांगितलं.

"मोठ्यानं सांग. ऐकू नाही आलं."

"क्लॅमिडिया!"

पुढचा गृहस्थ गर्रकन वळला. आईनं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "आजाराचं नाव आहे. मला झाला होता. बहुतेक."

तो गृहस्थ चार पावलं पुढे सरकला. आईनं माझा दंड धरला, त्या मोकळ्या जागेत मला पुढे ओढलं आणि म्हणाली, "चल. रांग सरकली बघ."